सोल्जरला क्वार्टर नाही!

ब्रिटनला लिखित घटना नाही, असं म्हणतात. आमच्या ग्रुपला मात्र घटनाच घटना! फक्त कुणी लिहून ठेवत नाही. एखादा किस्सा घडतो, दोन दिवस ग्रुपवर हाहाहा चालतं, मग पुढचा घडतो आणि आधीचा खाली दडपला जातो. कपाटात कपडे कोंबावेत तसे हे सगळे मी डोक्यात कोंबून ठेवलेत. परवा एक काढायला गेले तर सगळे अंगावर कोसळले. म्हटलं, आता घड्या घालूनच टाकू.

ग्रुप काही फार मोठा नाही. लंडनच्या हाउन्सलोचे गिरीश आणि मुग्धा, त्यांची नऊ वर्षांची अन्वी. नागपूरचा पराग, फायनान्समध्ये आहे, एकटा राहतो, त्यामुळे वीकेंडला जेवायला कायम कुणाच्या तरी घरी. इल्फर्डचे आपटे काका, उभा जन्म इथल्या हॉस्पिटलांमध्ये काढून रिटायर झालेले डॉक्टर, आमच्यात सगळ्यांत वडीलधारे आणि कानाने जरा कमी. आणि मी वैशाली. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. गिरीश-मुग्धाच्या मागच्याच गल्लीत राहते, म्हणजे त्यांच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मला मोजता येतं.

आता जे सांगणार आहे ते सगळं एका बॉक्सरूममुळे झालं. इथल्या घरांमध्ये वरच्या मजल्यावर एक पिटुकली खोली असते, एक पलंग टाकला की दार अर्धंच उघडतं, ती बॉक्सरूम. गिरीशच्या घरात ती आहे. आणि गिरीशचं घर हीथ्रोपासून बसने पंधरा मिनिटांवर आहे. बस्स, एवढं पुरे आहे!

*

गिरीश ब्रॅकनेलला आयटीत आहे. ऑफिसात म्हणे इतका कडक की त्याच्या मीटिंगला लोक पाच मिनिटं आधी येऊन बसतात. पण फोनवर कुणी नुसतं "आम्ही लंडनला येतोय" म्हणालं, की ह्याच्या तोंडून निघालंच, "या की! घर आपलंच आहे!"

गेल्या वर्षी कोल्हापूरचं एक जोडपं आलं. साठीच्या आसपासचे, हसरे, गप्पिष्ट. काकांनी हीथ्रोवरून फोन केला, "गिरीशराव ना? आम्ही उतरलो हो!" गिरीश गाडी घेऊन पळाला. त्याला वाटलं, मुग्धाच्या माहेरचे असणार. मुग्धाला वाटलं, ह्याच्या ऑफिसातल्या कुणाचे तरी आईवडील. दोघांनी चार दिवस त्यांना विंडसर दाखवलं, थालीपीठं खाऊ घातली, एक दिवस तर काकूंच्या गुडघ्याला तेलसुद्धा लावून दिलं.

निघताना काकूंनी मुग्धाची ओटी भरली आणि म्हणाल्या, "अगदी आईवर गेली आहेस हो! नाशिकला भेटलो होतो आम्ही."

मुग्धाची आई जन्मात नाशिकला गेलेली नाही.

मग चौकशी. मग फोन. तर हे पाहुणे हाउन्सलो वेस्टच्या दुसऱ्याच एका गिरीशचे निघाले! नंबर देणाऱ्याने चुकीचा दिला होता. तो दुसरा गिरीश बिचारा हीथ्रोवर दोन तास पाटी धरून उभा राहिला आणि पाहुणे रागावले असं समजून घरी गेला.

सगळे ओशाळले. काकांचा चेहरा तेवढा उजळला. बायकोकडे वळून म्हणाले, "तरीच! ते म्हणाले होते, घरात दोन बाथरूम आहेत. मी चार दिवस दुसरं शोधतोय!"

*

ह्या सगळ्यात मुग्धाचं काय होतंय ते कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. माझ्याही नाही, कबूल करते.

मुग्धा पुण्यात वकील होती. कोर्टात उभी राहून बोलणारी. इथे आल्यावर ती डिग्री फाइलमध्ये गेली आणि ही सात वर्षं कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, फोनवर बसली. "आमच्या गल्लीतला कचऱ्याचा बिन उचलला नाही," एवढंच दिवसभर ऐकायचं. मग तिने ठरवलं, इथली सॉलिसिटरची परीक्षा द्यायची. ही परीक्षा तीनदाच देता येते. पहिल्यांदा गेली. दुसऱ्यांदा अगदी थोडक्यात गेली, त्या आठवड्यात घरात पाच पाहुणे होते. आता तिसरी खेप. ही गेली की वकिली विसरायची आणि परत बिन!

अभ्यासाला जागा ती बॉक्सरूम. आणि बॉक्सरूममध्ये कायम कुणीतरी घोरत असायचं. मग मुग्धा काय करायची, तर पुस्तकं घेऊन घरासमोर पार्क केलेल्या गाडीत जाऊन बसायची. कोटबिट घालून, मागच्या सीटवर, मांडीवर ब्लँकेट.

शेजारी मॉरीन नावाची सत्तरीची गोरी बाई राहते. तिने हे तीन दिवस पडद्याआडून बघितलं. चौथ्या दिवशी चहाचा मग घेऊन आली आणि काचेवर टकटक केली. "आर यू ऑल राइट, लव्ह? हॅज ही थ्रोन यू आउट?"

मुग्धा घाईघाईने म्हणाली, "नो, नो! इट्स ओन्ली हिज गेस्ट. शी इज इन माय रूम."

पाहुण्या म्हणजे गिरीशच्या चुलत आत्या होत्या, वय एक्क्याऐंशी. पण हे मॉरीनला कोण सांगणार! दुसऱ्या दिवशी गिरीश ऑफिसला निघाला तर ती गेटपाशी उभी. त्याला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "युअर वाइफ वॉज हिअर फर्स्ट, यू नो!"

गिरीश आठवडाभर सगळ्यांना विचारत होता, "मॉरीन मला असं का म्हणाली असेल रे?"

*

एका रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला होतो. मुग्धा पुस्तक हातात घेऊनच जिन्यावरून खाली आली. डोळे चमकत होते.

"ऐका, ऐका! आज काय वाचलं सांगू? इथला एक राजा होता, त्याने लोकांच्या घराघरांत आपले सोल्जर नेऊन ठेवले. ह्यांना झोपायला जागा द्या, जेवायला घाला! लोक वैतागले. पार्लमेंटने राजाला लिहून दिलं, आमच्या मर्जीशिवाय आमच्या घरात सोल्जर ठेवायचे नाहीत. पिटिशन ऑफ राइट, सोळाशे अठ्ठावीस! अमेरिकेने तर पुढे ते सरळ आपल्या घटनेतच घातलं. सोल्जरला क्वार्टर करायचं नाही!"

परागने तेवढंच ऐकलं. "काहून नाही द्यायची, वहिनी? दिवसभर लढून राहिला बिचारा. एक क्वार्टर तर बनते यार!"

"अरे, ती क्वार्टर नाही!"

पण तोवर आपटे काकांच्या कानावर 'क्वार्टर' गेलं होतं. मसालेभात कालवता कालवता म्हणाले, "क्वार्टर ना? मला आल्याआल्या हॉस्पिटलने दिली होती."

पराग ताठ बसला. "हॉस्पिटलने?"

"हो. तेव्हा सगळ्याच ज्युनियर डॉक्टरांना द्यायचे. नाहीतर एवढ्या थंडीत माणसाने करायचं काय?"

"हे बाकी बरोबर आहे," पराग म्हणाला. "रोज द्यायचे?"

"रोज कशाला? एकदा दिली ती मला तीन वर्षं पुरली."

परागचा घास हातातच राहिला.

"छोटीशीच होती," काका रंगात आले, "पण त्या एका क्वार्टरमध्ये आम्ही चौघं मजेत होतो! पुढे लग्न झालं, तुमच्या काकू आल्या. त्या म्हणाल्या, एवढ्यात माझं भागणार नाही. मग अर्ज करून मोठी मागून घेतली."

पराग उठला, हात धुतला आणि काकांच्या पाया पडला. "काका, अशी माणसं आता नाही राहिली!"

काकांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, "तुलाही लवकर मिळेल हो!"

आम्ही हसून हसून लोळलो. मी तर पाणी प्यायला उठले आणि ओट्याला धरून हसत बसले. भांडी घासताना मुग्धा हळूच म्हणाली, "वैशू, मी गंमत म्हणून नव्हतं सांगितलं गं."

*

दुसऱ्या दिवशी बॉक्सरूमच्या दारावर कागद लागला. छान बॉर्डरबिर्डर काढलेला, वर इंग्लिशमध्ये, खाली मराठीत: "घरात राहणाऱ्यांच्या संमतीशिवाय येथे सैनिक ठेवता येणार नाहीत. पिटिशन ऑफ राइट, सोळाशे अठ्ठावीस."

मी म्हटलं, "अगं, सरळ 'पाहुणे नकोत' असं लिही ना!"

"असं लिहिता येतं का?" मुग्धा म्हणाली. "सांगलीला सासूबाईंपर्यंत फोन जातील. सैनिकांबद्दल लिहिलं की कुणाला लागत नाही. शहाण्या माणसाला कळेल."

पहिला शहाणा माणूस शुक्रवारी आला. कऱ्हाडचे एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी बॅग खाली ठेवली, चष्मा लावला, कागद एकदा वाचला, दोनदा वाचला. मुग्धाला वाटलं, कळलं ह्यांना!

सर वळले. चेहरा गंभीर. म्हणाले, "ताई, तुमच्यापासून लपवत नाही. मी एनसीसीत होतो. पण 'बी' सर्टिफिकेटपर्यंतच. तेवढं चालेल ना?"

आणि बॅग घेऊन आत गेले. दहा दिवस राहिले!

*

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना गिरीशच्या आईंचा सांगलीहून फोन आला. गिरीश घरून काम करत होता. एका कानात ऑफिसची मीटिंग, दुसऱ्या कानाला आई. मी तिथेच मटार सोलत बसले होते, म्हणून हे शब्दन्‌शब्द सांगू शकते.

"मुग्धाचा आवाज येत नाही तो?"

"वर आहे. घटना वाचतेय."

"कसली घटना?"

"इथली गं. परीक्षेला आहे तिला. आणि आई, गंमत म्हणजे इथे लिखित घटना नाहीच!"

"म्हणजे? पोलिसांनी लिहूनच घेतली नाही?"

गिरीशचं लक्ष मीटिंगमध्ये. "नाही ना. कुणी लिहूनच काढली नाही. तशीच चाललीय."

"अरे देवा! पण झालं काय?"

"काही नाही गं, सैनिक लोकांच्या घरांत घुसले, त्यावरून सगळं सुरू झालं. मी नंतर करतो हं, बॉस बोलतोय." आणि फोन ठेवला!

संध्याकाळपर्यंत निम्म्या सांगलीला कळलं होतं, की लंडनला गिरीशच्या घरात सैनिक घुसलेत, पोलीस तक्रार लिहून घेत नाहीत आणि सूनबाई वरच्या खोलीत कोंडून घेऊन बसल्यात.

हे कानावर येताच गिरीशने घाबरून आईंना उलटा फोन लावला. "आई, अगं कसलीही घटना घडलेली नाही!"

पलीकडून आई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "कळतंय मला. तुला बोलता येत नाहीये. तू काही बोलूच नकोस. मामा निघतोय."

*

मामा म्हणजे आईंचे थोरले भाऊ. पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. सगळं घर त्यांना सुभेदार मामाच म्हणतं. त्यांची मुलगी लेस्टरला असते. तिच्याकडे ते येणारच होते, व्हिसा तयार होता. आता ठरलं, आधी हाउन्सलो.

निघण्याआधी मामांनी टेहळणीसाठी व्हिडिओ कॉल केला. सकाळची वेळ. तो उचलला अन्वीने. तिचा नाश्ता चालला होता. इथे मुलांना अर्धवट उकडलेलं अंडं देतात आणि ते बुडवून खायला टोस्टच्या लांब पट्ट्या. त्या पट्ट्यांना म्हणतात सोल्जर!

मामांनी विचारलं, "अन्वी बाळ, खरं सांग. घरात सोल्जर आहेत का?"

"हो!" अन्वी खूश. तिचं मराठी इथलं, मोडकंतोडकं. "रोज असतात. सकाळी."

"किती?"

"चार. मला खूप भूक लागला की सहा."

"आत्ता कुठे आहेत?"

"दोन प्लेटमध्ये आहेत. बाकीचा मी खाल्ला. आधी अंड्यात बुडवली, मग त्याची डोकं खाल्ली."

 मामांनी घसा खाकरून विचारलं, "कुठल्या पलटणीचे होते?"

अन्वीने प्लेटमध्ये निरखून बघितलं. "ब्राउन ब्रेडची."

*

हसून झाल्यावर मुग्धा माझ्याकडे आली. मामा परीक्षेच्या बरोबर आठ दिवस आधी येणार होते. माझ्या किचनमधल्या स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. "वैशू, मला परत बिनच्या तक्रारी नाही गं घ्यायच्या. ह्या वेळी मला येतंय सगळं. फक्त आठ दिवस ती खोली पाहिजे. पण मामांना 'नाही' कोण म्हणणार?"

मला भयंकर राग आला. गिरीशचा तर आलाच, पण त्याहून माझा स्वतःचा. त्या दारावरच्या कागदाला सगळ्यांत जास्त मीच हसले होते.

मामा आले त्या सकाळी मी मुद्दाम तिथे जाऊन पोहे करत होते, म्हणजे मुग्धाला खाली यावं लागू नये. सहा फूट उंची, पांढऱ्या भरघोस मिशा, हातात काळी ट्रंक, ट्रंकेवर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि हुद्दा. आधी घराला बाहेरून एक चक्कर मारली. मग गिरीशने सगळा घोळ समजावून सांगितला. मामांनी तो शांतपणे ऐकला.

"म्हणजे घटना घडलीच नाही?"

"नाही मामा."

"बरं. आलोच आहे तर राहतो आठ दिवस."

"राहा की! घर आपलंच आहे!" गिरीश म्हणाला आणि ट्रंक उचलून जिना चढायला लागला. मागे मामा, मागे झारा घेऊन मी.

बॉक्सरूमच्या दाराशी मामा थांबले. कागद मोठ्याने वाचला, आधी इंग्लिश, मग मराठी. आतून मुग्धा बाहेर आली. केस विस्कटलेले, कानाला पेन्सिल.

"हे कुणी लावलं?"

"मी, मामा."

"खरा कायदा आहे?"

"खरा आहे. चारशे वर्षांचा. अजून आहे."

"अहो मामा, ती गंमत आहे!" गिरीश घाईने म्हणाला. "आणि तुम्ही तर आता रिटायर झालात."

मामांनी त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे? पेन्शन घेतो म्हणून सैनिक नाही का मी?"

गिरीशने ट्रंक खाली ठेवली.

मामा पुन्हा कागदाकडे वळले. "संमती कुणाची लागते?"

"घरात राहणाऱ्यांची," मुग्धा म्हणाली.

"म्हणजे तुझी?"

खाली पोहे करपल्याचा वास यायला लागला होता. कुणी हललं नाही. मुग्धाने गिरीशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी झाऱ्याकडे बघितलं. तिचा हात दाराच्या मुठीवर घट्ट होता.

"मामा," ती म्हणाली, "माझी संमती नाही. माझी परीक्षा आहे."

गिरीशने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता सांगलीला फोन, आता रडारड, आता सगळं संपलं!

मामांनी टाचा जुळवल्या. लाकडी जमिनीवर खाडकन आवाज झाला. "ठीक आहे!" म्हणाले, ट्रंक उचलली आणि जिना उतरून सरळ मागच्या गार्डनमध्ये गेले. तिथे एक शेड आहे. गवत कापायचं मशीन, मोडकी सायकल, रंगाचे रिकामे डबे. मामांनी दुपारपर्यंत ती झाडून काढली, सतरंजी अंथरली, खिळ्याला शर्ट अडकवला.

गिरीश तीनदा विनवण्या करून आला. तिसऱ्या वेळी मामा म्हणाले, "गिऱ्या, हुकूम झालाय. तू मधे बोलू नकोस."

मॉरीनने कुंपणावरून डोकावून बघितलं, तर मिशावाले आजोबा बनियनवर जोर मारतायत. तिने मान हलवली. "नाऊ देव्ह थ्रोन आउट द ओल्ड मॅन ॲज वेल!" आणि चहा घेऊन आली. आठ दिवस न चुकता आणत होती. मामा तिला सॅल्यूट करायचे, ती लाजायची.

चौथ्या दिवशी मँचेस्टरहून एक कुटुंब तीन सुटकेसेस घेऊन हजर झालं. गिरीशने कधीतरी "या की!" म्हटलं असणार. दाराशी खुर्ची टाकून मामा बसले होते.

"आत जाता येणार नाही," मामा म्हणाले. "आत ऑपरेशन चालू आहे."

"अगंबाई! कुणाचं?"

"सूनबाईंचं. फार महत्त्वाचं आहे. तिसऱ्यांदा करतायत. ह्या वेळी यश आलंच पाहिजे."

ते लोक पांढरेफटक पडले आणि सुटकेसेस उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी मुग्धाच्या नावाने एवढा मोठा बुके आला, सोबत कार्ड, "लवकर बऱ्या व्हा"!

परीक्षा झाली. मामा लेस्टरला गेले. निकाल यायला काही आठवडे लागतात. ते आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. पराग तर रोज सकाळी ग्रुपवर नुसतं प्रश्नचिन्ह टाकायचा आणि शिव्या खायचा.

निकाल होता त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे त्यांच्या किचनमध्ये जमलो. आपटे काका इल्फर्डहून एवढ्या लांब आले होते.  चहा गार झाला होता. मुग्धा एकटी वर बॉक्सरूममध्ये, समोर लॅपटॉप, दार बंद.

एवढ्यात बेल वाजली. गिरीशने दार उघडलं. पायरीवर मामा, हातात काळी ट्रंक. दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं.

"या की मामा, या," गिरीश पुटपुटला. आज तेही त्याला नीट म्हणता आलं नाही.

मामा काही बोलणार तेवढ्यात वरून किंचाळी आली. ती कसली, ते कळेना.  जिन्यावरून धडधडत मुग्धा खाली आली, शेवटच्या पायरीवर घसरली, उठली आणि ओरडली, "पास! मामा, मी पास झाले!"

मग काय विचारता! परागने अन्वीला खांद्यावर घेतलं, काका टाळ्या वाजवायला लागले, गिरीश कोपऱ्यात तोंड करून चक्क हुंदके देत होता. मी मुग्धाला मिठी मारली आणि दोघी भेसूर रडलो. मामांचे डोळे भरून आले होते, मिशांवर पाणी ओघळत होतं.

पण ते अजून दाराबाहेरच होते. दोन्ही बूट पायरीवर, उंबऱ्याच्या पलीकडे.

"शाब्बास," ते म्हणाले. मग अदबीने विचारलं, "सूनबाई, मग आता आहे का संमती?"

मुग्धा रडायची थांबली. बाहीने नाक पुसलं आणि मान ताठ केली.

"थांबा मामा," ती म्हणाली, "लेखी देते." आणि पेन शोधायला आत गेली.

मामा ट्रंक हातात घेऊन पायरीवर थांबले.